कोरे टायर

शाळेच्या खटारा सायकलीवर दामिनी जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हा पुढाऱ्याने स्टेजवर तिला साठ हजारांची रेसर सायकल दिली आणि वाडीच्या रस्त्याचं आश्वासनही फेकलं. फोटो छापून आले, रस्ता आला नाही. रेसर खांद्यावर टाकून तासभर डोंगर उतरायचा, तेव्हा कुठे डांबरी सडक लागायची. मजुरी सांभाळून महिन्यात दोनदा सराव झाला तरी खूप. राज्याच्या निवडीत ती शेवटून दुसरी आली. तेव्हापासून रेसर घराच्या कुडाच्या भिंतीला टांगलेली होती. आज बापलेकींनी ती धसईच्या फाट्यावर गिऱ्हाइकासमोर उभी केली. "ठेव गो, यंदा रस्ता होईल," बा कुजबुजला. "बा, तुझ्या लग्नापासून होतोय रस्ता." गिऱ्हाइकाने कोरे टायर चाचपून विचारलं, "एवढी भारी सायकल चालवलीच नाही? आळस?" बा बोलायला गेला. दामिनीने त्याचा हात दाबला. "हो साहेब, आळशी हाय मी."