मालतीबाई चहा घेतात

बशीतला शेवटचा घोट संपवून मालतीबाईंनी पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "शेठ, तुझा चहा झकास. टेप मात्र नकली. साहेब, या आत."

दाराआड उभा असलेला भूपेंद्र दोन हवालदारांना घेऊन आत शिरला. शेठच्या हातातली किटली हवेतच राहिली.

भूपेंद्र मुंबईच्या एका टेपरेकॉर्डर कंपनीचा सुरतमधला माणूस. कंपनीच्या नावाची खोटी पट्टी चिकटवून टेप विकणारे दुकानदार हुडकायचे आणि पोलिसांत द्यायचे, हे त्याचं काम. मालतीबाई येईपर्यंत त्याने ते ऑफिसात बसून अत्यंत निष्ठेने केलं होतं. एकही दुकान सापडलं नव्हतं.

मालतीबाई सुरतच्याच डिंडोली भागातल्या, मूळच्या खानदेशातल्या अमळनेरकडच्या. घरी साड्यांना टिकल्या लावायच्या. त्यांच्या शेजारच्या सुंदराने नव्या कोऱ्या टेपचं बटण दाबलं आणि विजेचा झटका बसून ती टेपलाच चिकटली. जीव वाचला, पण उजव्या हाताची मूठ तेव्हापासून मिटेना. मालतीबाईंनी तो टेप पिशवीत घातला आणि थेट आणून भूपेंद्रच्या टेबलावर आपटला.

"हा तुमचा?"

"नाही हो बाई. आमचं नुसतं नाव आहे. माल नकली."

"मग शोधा की! का पंख्याखाली बसल्या बसल्या सापडतो?"

त्या दिवसापासून ही जोडी बाजारात हिंडू लागली. बाईंची पद्धत साधी. गिऱ्हाईक म्हणून शिरायचं, ऐसपैस बसायचं, चहा मागून घ्यायचा आणि शेठच्या सुनेचं कितवं बाळंतपण, इथपर्यंत चौकशी करायची. चहा संपेतो शेठ आपण होऊन काउंटरखालून 'तसलाच, पण स्वस्तातला' टेप काढून पुढे ठेवी. एकजण भडकून म्हणालाही होता, "ज्याचा चहा पिता त्याचीच तक्रार करता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "चहाची कुठे तक्रार आहे?"

हे वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकात छापावं, असं भूपेंद्रला मनापासून वाटलं.

पण सुंदराला चिकटवणारा टेप, पाठीला पत्र्याचं झाकण असलेला, कुठल्याच दुकानात मिळेना. तो कुठून घेतला असं सुंदराला विचारलं, की ती मालतीबाईंकडे बघे आणि म्हणे, "माले याद नही, बहिन." दुकानदाराला भीत असणार, असं भूपेंद्रने ठरवून टाकलं.

अखाजी, म्हणजे लेकींना माहेरी आणायची खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सणाला गावी जाताना अर्धी डिंडोली टेप घेऊन जाणार, आणि त्यातले निम्मे तरी स्वस्तातले असणार.

"अखाजी होऊ द्या साहेब," एक दिवस बाई म्हणाल्या. "मग ते दुकान दाखवते मी."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

बाई पिशवीचा बंद पिळत बसल्या. कुणी गाठलं तर नाही ना बाईंना, अशी शंका भूपेंद्रच्या मनात पहिल्यांदाच आली.

"आणि तोवर गावाकडे आणखी कुणी चिकटलं तर?"

बाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं कुलूप निघायच्या आधीच त्या पायरीवर बसलेल्या होत्या.

"चला. भेस्तानला."

दुकान छोटं, पण चकचकीत. मालक लखन, पंचविशीतला, शिडशिडीत. बाई आज गिऱ्हाईक झाल्याच नाहीत. हवालदारांच्या बरोबरीनेच आत गेल्या. त्यांना बघताच तो ताडकन उभा राहिला.

"तुम्ही?"

मालतीबाईंना बघून हल्ली सगळे दुकानदार हेच म्हणत.

"माळ्यावरची खोकी खाली काढा," बाई म्हणाल्या. "साहेबांना दाखवा."

भल्याभल्या पोटं सुटलेल्या शेठांना अरे-तुरे करणारी ही बाई, या पोरगेल्या माणसाला मात्र अहो-जाहो करत होती. फाशी देण्याआधी कैद्याला आवडीचं जेवण देतात म्हणे, तसं असेल, असा भूपेंद्रने अर्थ लावला. बाईंना माळा कसा कळला, हे त्याने विचारलंच नाही. नाक आहे त्यांना, एवढं त्याला पुरे होतं.

खोकी खाली आली. पत्र्याची झाकणं ओळीने उन्हात चमकली. हवालदार पंचनामा लिहू लागला.

"निदान घराचा तरी विचार करायचा," लखन खालच्या आवाजात म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळल्या.

"सुंदराची मूठ मिटत नाही," त्या म्हणाल्या. "पोळी लाटता येत नाही तिला. तिनं नाव सांगितलं नाही तुमचं. अजून नाही सांगितलं."

लखनने मान खाली घातली. मग काय वाटलं कोण जाणे, आत जाऊन तो स्वतः पाण्याचा तांब्या आणि चहा घेऊन आला. हवालदारांनी घेतला. भूपेंद्रनेही घेतला. चहा वेलचीचा होता.

"मला नको," बाई म्हणाल्या. "उपास आहे."

"पाणी तरी?"

"पाणीपण नको."

वैशाखाचं ऊन, आणि निर्जळी उपास! काल या बाईवर आपण शंका घेतली, याची भूपेंद्रला एवढी लाज वाटली की त्याचा चहा अर्धाच राहिला. कंपनीकडून बाईंना शाल आणि नारळ द्यायचंच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. खरं म्हणजे एक टेपही द्यावा. खरा.

दुकानाला सील लागलं. परतताना दोघं पायीच निघाले. भज्यांच्या एका लारीपाशी बाई थांबल्या.

"भाऊ, गरम भजी दे एक प्लेट. आणि आधी पाणी."

गटागटा दोन ग्लास पाणी प्यायल्या. मग चहा आला.

"मालतीबाई," भूपेंद्र चाचरत म्हणाला, "उपास?"

बाईंनी चहा बशीत ओतला आणि त्यावर हळूच फुंकर घातली.

"उपास कसला, साहेब. लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आमच्यात."