सशांच्या भेटीला

डोळ्यांच्या औषधाचे थेंब आधी सशांच्या डोळ्यांत घालून बघायचे, हे चारुलताचं कॉलेजातलं काम. ससे ओरडत नसत, नुसतं अंग आखडून घेत. ती त्यांच्याशी हळू आवाजात बोलत राही.

मग तिने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तीच चाचणी करून दाखवली. त्यासाठी ती सहकाऱ्यांशी इतकी भांडली की डबा खायलाही कोणी तिच्याजवळ बसेना. शेवटी चाचणीला सशांची गरज नाही हे तिचं म्हणणं कॉलेजने मान्य केलं आणि उरलेले ससे परवानगी काढून जवळच्या असोदा गावी लताबाई नावाच्या शेतकरीणबाईंच्या मळ्यात पाठवले.

पिंजरे रिकामे झाले, तसं तिला बोलायला कोणीच उरलं नाही. पिंप्राळ्याच्या खोलीतही ती एकटीच. एका रविवारी तिने स्कूटर काढली, वाटेत लसूणघासाची पेंढी घेतली आणि असोदा गाठलं.

केळीच्या सावलीत ससे लताबाईंच्या पायांत घुटमळत होते. चारुलता फाटकातून आत आली आणि हसून म्हणाली, "आले बरं का मी!"

सगळे ससे पळाले आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले.

"असे कधी करत नाहीत हो ते," लताबाई ओशाळून म्हणाल्या. "लहान पोरं बी उचलून घेतात त्याइले. आज काय झालं, कोन जाने!"

"मला माहीत आहे, अक्का."



घास खाली ठेवून चारुलता फाटकाबाहेर, पार रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे ससे खायला आले.