चित्रपटानंतरची चर्चा

पडद्यावर पृथ्वी जिंकली आणि सांगलीच्या फिल्म क्लबमधले दिवे लागले. पहिल्या रांगेत परग्रहावरून आलेला शहराचा प्रशासक नेहमीसारखा चहा पीत बसला होता.

त्यांचं राज्य आल्यापासून हेमांगी आरवाडे मुद्दाम परग्रहवासीयांच्या स्वारीचेच चित्रपट लावत होती. कुणाच्या तरी मनात ठिणगी पडेल, एवढीच तिची आशा होती.

"मागच्या चित्रपटात ते साध्या सर्दीने मेले, आजच्यात माणसांनी एकजुटीने त्यांना हाकललं," ती धीर करून म्हणाली. "यातलं आपल्याला काय जमेल?"

"मागच्याचं छायाचित्रण सरस होतं," मगदूम सर म्हणाले.

"पण याचं संकलन बघा ना," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वाद पेटला.

"अहो, ते इथे समोर बसलेत," हेमांगी चिडून म्हणाली. "छायाचित्रणाचं काय घेऊन बसलात?"

कुणीच ऐकलं नाही. दोघं तर हमरीतुमरीवर आले होते.

जाताना प्रशासक तिच्यापाशी थांबला. तो अजिबात रागावलेला नव्हता.

"मोर्चे आम्ही बंद केले, नाटकंही बंद केली," तो म्हणाला. "हे मात्र चालू ठेवा, मॅडम. पुढच्या वर्षीही हॉल तुम्हाला फुकट."