गुरुजींची सुबाभूळ

ओढ्याकाठची सुबाभूळ तोडता तोडता कॉलेजची पोरं घामाघूम झाली होती.

"ही दुसरं काही उगवूच देत नाही. कुण्या येड्यानं लावली असेल?" एकजण म्हणाला, तशी सगळी हसली.

काठावर बसलेल्या खरमाटे गुरुजींनी मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वी सरकारी बियाणं आलं, तेव्हा शाळेतल्या मुलांकडून त्यांनीच ते इथं पेरून घेतलं होतं. एका मुलीनं हौसेनं उंबराचं रोप रोवलं, तर सगळ्यांदेखत तिलाच ते उपटायला लावलं होतं. तिची लेक रेवती आज करवत चालवत होती.

"मीच लावली, बाळांनो," गुरुजी म्हणाले.

हसू थांबलं. "ठाऊक आहे, गुरुजी," रेवती म्हणाली. "उद्या इथं उंबर लावायला आईला बोलावलं होतं. तुम्ही असाल म्हणून नको म्हणाली."