कपाटातले बाबा

“डिस्क मिळणार नाही,” पानावरून उठता उठताच अंबरीश म्हणाला. अजून हातसुद्धा धुतले नव्हते.

वडिलांचं वर्षश्राद्ध नुकतंच आटोपलं होतं. गुरुजी जेमतेम जिना उतरले असतील. सीमंतिनीने डिस्कचं नावही काढलं नव्हतं, पण तिचा धाकटा भाऊ वर्षभर हे वाक्य तोंडात घोळवत होता. ते आज बाहेर पडणारच होतं.

“मी मागितली का?” ती म्हणाली.

“मागशील. त्याशिवाय दाना ओलीतल्या घरून इथं छावनीपर्यंत या उन्हात येशील होय?”

“बाबांचं श्राद्ध होतं, अंबरीश.”

“तेच तर. बाबा तुझे, गाणं तुझं. माझ्या वाट्याला फक्त पिंड.”

बाबा, म्हणजे गोपाळकृष्णराव, टपाल कचेरीत नोकरी करत आयुष्यभर गायले. स्वतःचा रियाज, गुरूंच्या बैठका, गणपतीतले कार्यक्रम, सगळं त्यांनी टेप केलं आणि म्हातारपणी त्या कॅसेटी एका काळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. कॅसेटींना पुढे बुरशी लागली. उरली ती तळहाताएवढी डिस्क. त्यांचा गळा मात्र मुलीला मिळाला. सूर लागत नाही म्हणून लहानपणी अंबरीशला तानपुऱ्यासमोरून उठवलं होतं, आणि पन्नाशी उलटली तरी तो त्या अपमानावर फुंकर घालायच्या ऐवजी निखारेच टाकत होता.

अंबरीशची बायको शिखा पाणी घेऊन आली. “दीदी, आधी थोडा आराम तर करा. बाहेर लू चालली आहे.”

सीमंतिनी कूलरसमोर बसली. पाणी प्यायली.

“ऐकतोस का रे कधी?”

“रोज.”

“रोज?”

“सकाळी चहाच्या आधी. स्पीकरला जोडली की बाबा सुरू. पूरी गली ऐकते. विचार हिला.”

शिखाने रिकामा पेला उचलला आणि ती आत निघून गेली.

“आवाज कसा येतो?”

“एकदम साफ. समोर बसून गातायत असंच वाटतं.”

“मग लाव ना एकदा. तो भूप लाव. मध्येच त्यांना खोकला येतो आणि स्वतःच हसतात, तो. तेवढा ऐकते आणि जाते. पुन्हा नाव काढणार नाही.”

अंबरीश खांद्यावरचं उपरणं सावरायला लागला. “लाइट नाही.”

डोक्यावर पंखा फिरत होता आणि कोपऱ्यात कूलर जीव तोडून घरघरत होता. सीमंतिनीने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

“म्हणजे, स्पीकर बिघडलाय.”

“कंप्युटरवर लाव.”

“तू म्हणशील तेव्हा लावायला मी काय तुझा नोकर आहे?” त्याचा आवाज चढला. “मला सब समजतं, ताई. तेराव्याला काय केलंस? माणूस जाऊन दोन आठवडे नव्हते झाले, आणि तू लॅपटॉप नि तुझी वेगळी डिस्क घेऊन कॉपी करायला बसलीस! मी झडप घालून काढून घेतली म्हणून वाचली. नाहीतर आज बाबा यूट्यूबवर असते, तुझ्या गाण्याच्या क्लासच्या नावाने.”

“कॉपीच करत होते. तुझी तुला राहिलीच असती.”

“नकोत तुझे उपकार!”

कपाटाची किल्ली त्याने जानव्याला बांधली होती. वाकून, मान वाकडी करून त्याने कुलूप काढलं आणि डिस्क बाहेर आणली. “ही बघ. जिवापाड जपलीय. डोळ्यांत तेल घालून.”

सीमंतिनीने हात लावला नाही. नुसतं पाहिलं. डिस्कला गुंडाळलेल्या वायरीवरचा रबर बँड उन्हाळ्याने वितळून वायरीला चिकटून बसला होता.

“रोज काढतोस ना? मग हे असं चिकटलं कसं?”

अंबरीशने डिस्क पाठीमागे घेतली.

ती पर्स मांडीवर घेऊन पुढे सरकली, चेन उघडून तिने आत हात घातला. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “अंबरीश, एकदा खरं बोल. लावलीच नाहीस ना? नाही तर नाही म्हण. मी रागावणार नाही. उलट...”

“म्हणजे मी खोटा?” तो ओरडला. “आधी बेसुरा, आता खोटा? घे तर मग! ना तुला, ना मला!”

कूलरचं पाणी भरायचं झाकण त्याने उघडलं आणि डिस्क आत टाकली.

शिखा धावत बाहेर आली. “अहो, क्या कर दिया! बाबूजींचा आवाज होता त्यात!”

ते ऐकलं मात्र, अंबरीशचा राग जागच्या जागी उतरला. त्याने कोपरापर्यंत हात घालून डिस्क शोधली, बाहेर काढली आणि खांद्यावरच्या उपरण्याने पुसायला लागला. पुसतच राहिला. पाणी निथळतच होतं.

“ताई,” तो म्हणाला, “वाळवली तर चालेल ना गं? तांदळात ठेवतात म्हणे. बाबा गेले का गं यातले? सांग ना.” त्याला रडू आवरेना.

सीमंतिनी उठली. पर्सची चेन तिने लावून घेतली.

“त्यात माझ्या लेकीच्या, हर्षिताच्या लग्नाचे फोटो होते,” ती म्हणाली. “तेराव्याच्या ओढाताणीत तू माझी, तशीच दिसणारी डिस्क उचललीस. बाबा माझ्या लॅपटॉपलाच राहिले. तुझ्या फोनची वर्षभर वाट पाहिली रे मी. वाटलं, भांडशील, चोर म्हणशील, पण एकदा तरी विचारशील, ताई, बाबा कुठे आहेत?”