सारख्या अटींचं स्थळ

फोटोतला श्रीरंग केतकीला आवडला होता. ती वडिलांसोबत त्याला बघायला गेली, तर जिन्यात दोनशे मुली आधीच बसलेल्या. दाराला कुलूप.

“आमच्या एजंटनं शोधलंय हे स्थळ!” केतकीचे वडील ओरडले.

“आमच्याही,” दोनशे वडील म्हणाले.

हादरलेल्या केतकीनं फोनमधल्या एआय एजंटला विचारलं.

“ताई, सर्व्हरवर गर्दी फार. सारख्या मागण्या एकदाच सोडवतात आणि तेच उत्तर सगळ्यांना देतात. ‘निर्व्यसनी, पुण्यात फ्लॅट’ सगळ्यांनीच लिहिलेलं. उत्तर निघालं श्रीरंग.”

“आणि मुलांच्या मागण्या?”

“‘सुशिक्षित, घरगुती.’ त्याही सारख्याच.”

तेवढ्यात आईचा फोन आला. “अगं, दोनशे मुलगे आलेत तुला बघायला! पोहे किती भिजवू?”

“त्यांच्यात श्रीरंग आहे?”

“आहे की. पण त्याचा नंबर एकशे अठ्ठ्याण्णवावा.”