एका हाताचा मॉड

आंघोळ करून बाहेर यायला थोरलीला पाऊण तास लागतो. चार वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला, तेव्हापासून साबण, टॉवेल, गाऊनची बटणं, सगळा कारभार डाव्याकडे. त्या सकाळी ती बाहेर आली, तेव्हा धाकटा भाऊ तिच्या कॉम्प्युटरसमोर रेलून बसला होता.

“झालं बघ ताई,” तो म्हणाला. “सगळं आवरून टाकलं.”

तिला चटकन उमजेना. आदल्या दिवशी बोलणं झालं होतं ते तिच्या गेमवरून. गेम साधाच. एक ओसाड माळ, एक बाई. तिने जमीन कसायची, घर बांधायचं. थोरलीची सगळी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेली. हात गेल्यावर तिने या माळावर दगडी घर बांधलं, ओढ्यावर पूल घातला, उतारावर बाग धरली. त्यासाठी गेममध्ये एकशेबारा मॉड घातले, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी गेमला जोडायला केलेले तुकडे. कुणी नवी झाडं केलेली, कुणी दगडांचे रंग. पण एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही आणि गेम मधेच मान टाकायचा.

हे मॉड नीट लावून देणारं एक सॉफ्टवेअर मिळत होतं. ते घ्यावं की न घ्यावं, यावर ती दोन महिने लोकांची मतं वाचत होती. निम्मे म्हणत, डोक्याचा ताप गेला. निम्मे म्हणत, जुने मॉड असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. म्हणून तिने भावाला विचारलं. तो सॉफ्टवेअर कंपनीत, आणि तीन दिवसांसाठी आलेला. तो म्हणाला, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. आणि मग त्याने जीभ चावली.

ती म्हणाली, मी अजून विचार करतेय. तो म्हणाला, विचार कसला त्यात, सगळं ते आपोआप करतं, तुला काही करावंच लागणार नाही.

“काही करायचंच नसेल, तर मी दिवसभर करू काय?” ती म्हणाली होती. तो हसला होता. त्याला तो विनोद वाटला.

आता तो उत्साहाने यादी दाखवत होता. एकशेबारांतले त्र्याहत्तर राहिले होते. बाकीच्यांना सॉफ्टवेअरने बेवारस ठरवलं होतं. ज्यांच्या कर्त्यांनी दोन वर्षांत ढुंकून पाहिलं नव्हतं, ते सगळे. काढून टाकू का, असं सॉफ्टवेअरने विचारलं, भावाने हो म्हटलं. डिस्क भरत आली होती म्हणून जुनं फोल्डरही कायमचं पुसलं.

थोरलीने यादी वरून खाली वाचली. मग खालून वर.

“‘एक हात’ कुठाय?”

“तो काय होता?”

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. एरवी या गेममध्ये चालायचं एका हाताने आणि बघायचं दुसऱ्या हाताने, माउस फिरवून. कारखान्यात हात गमावलेल्या कुणा माणसाने ‘एक हात’ हा मॉड करून दोन्ही कामं एकाच हाताच्या बटणांवर आणून ठेवली होती. तिने आभार मानले, तेव्हा त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं: अंगठा दुखला तर सांगा, बटणं बदलून देतो. पुढे त्याचं पान बंद झालं. तो कुठे गेला, आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

हे तिने सांगितलं. धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने जेवणापर्यंत शोधलं, जेवण झाल्यावरही शोधलं, चार अनोळखी लोकांना पत्रं लिहिली, पुसलेलं परत आणायचे उपाय करून पाहिले. शेवटी तो म्हणाला, एका हाताने खेळायचे दुसरे कितीतरी गेम आहेत, मी आणून देतो.

“घर यात आहे,” ती म्हणाली.

मग तो बॅग भरू लागला. जरा वेळाने म्हणाला, की तो काही करायला गेला की नेहमी असंच होतं, या घरात त्याचं चांगलं कधी कुणाला दिसलंच नाही. चारची गाडी होती. थोरलीने उठून एका हाताने चहा केला, त्याच्यापुढे ठेवला, आणि मुद्दाम थोडंच केलंस, चुकून झालं, असं होतंच, अशी त्याची समजूत काढली. दारात त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा तो बराच सावरला होता.

दार लावून ती कॉम्प्युटरसमोर बसली. गेम उघडला. बाई घराच्या अंगणात उभी होती. थोरलीने माउस धरून तिचं तोंड पुलाकडे वळवलं, मग माउस सोडून बोट बटणावर ठेवलं. बाई चालू लागली. वाट पुलाशी जराशी वळत होती. तिथे पुन्हा हात माउसवर न्यायला हवा होता. थोरलीने नेला नाही. बाई वाट सोडून ओढ्यात उतरली, पलीकडच्या काठावर चढली, आणि नाकासमोर माळावरून दूर जाऊ लागली.

फोन वाजला. थोरलीने बटण तसंच दाबून धरलं आणि त्याच हाताच्या कोपराने फोन स्पीकरवर घेतला. धाकटा होता. खिडकीची जागा मिळाली म्हणाला. मग जरा चाचरत विचारलं, “तू बघितलंस का उघडून? चालतंय ना?”

“चालतंय,” थोरली म्हणाली.